मिश्रविवाह, कोल्हापुरातील

भिन्न जातींच्या, धर्मांच्या किंवा वंशांच्या स्त्री-पुरुषांचा विवाह. कोल्हापूर संस्थानात हा प्रश्न मुख्यतः जातीचा होता, कातडीच्या रंगाचा नव्हता. तरीही येथील मिश्रविवाहाचा इतिहास केवळ जातीपाशी थांबत नाही. राजर्षी शाहू महाराज ज्या कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, त्याच घराण्यातील एक मुलगी इंदूरच्या होळकरांकडे दिली गेली. त्या लग्नानंतरच्या वीस वर्षांत होळकरांच्या घरात तीन अमेरिकन स्त्रिया लग्न करून आल्या. मराठा-धनगर सोयरीक आणि मराठी-अमेरिकन विवाह असे दोन्ही प्रकार एकाच घरात घडल्याने समाज कोणत्या अटींवर काय पचवतो, हे येथे लख्ख दिसते.

कायदा. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी विवाहाची सोय झाली होती. पण त्यासाठी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणताही धर्म मानत नाही, असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. जात ओलांडायची तर आधी धर्म सोडा, असा हा व्यवहार होता. हिंदू राहून जातीबाहेर लग्न केले, तर ते न्यायालयात टिकेल याची खात्री नसे, आणि लग्न टिकले नाही की मुलांचा वारसाहक्कही गेला. ही अडचण दूर करण्यासाठी विठ्ठलभाई पटेल यांनी १९१८ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. सनातन्यांनी त्यावर काहूर उठवले आणि ते संमत झाले नाही. शाहू महाराजांनी मात्र त्याला उघड पाठिंबा दिला, आणि १९१९ साली आपल्या संस्थानापुरता आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांना मान्यता देणारा कायदाच केला. १९१७ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा त्याआधी झालेला होता. ब्रिटिश मुलखात १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना धर्म न सोडता आपसांत नोंदणी विवाह करता येऊ लागला. जातीबाहेरील सर्व हिंदू विवाहांना देशभर वैधता मिळाली ती १९४९ साली. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे देशाने ही मजल गाठली, तेव्हा कोल्हापूर तीस वर्षे पुढे होते.

कागल-इंदूर सोयरीक. कायदा केला म्हणून लग्ने होत नाहीत. ती पाहुण्यारावळ्यांत ठरतात, हे महाराज जाणून होते. म्हणून त्यांनी सुरुवात घरापासून केली. कागलच्या धाकट्या पातीचे दत्ताजीराव घाटगे यांची मुलगी चंद्रप्रभाबाई ही महाराजांची चुलत बहीण. तिचा विवाह इंदूरचे युवराज यशवंतराव होळकर यांच्याशी करण्याचे त्यांनी युवराजांचे वडील महाराजा तुकोजीराव होळकर यांच्याशी ठरवले. घाटगे मराठा, होळकर धनगर. होळकरांच्या घरात दौलत, तोफांची सलामी आणि अहिल्याबाईंचे नाव असले, तरी शहाण्णव कुळीच्या हिशेबात ही सोयरीक बसत नव्हती. मराठा-धनगरांचे असे शंभर विवाह लावण्याची महाराजांची योजना होती, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले, आणि ठरलेले लग्न १९२४ साली पार पडले. वधूचे नाव संयोगिताबाई ठेवण्यात आले.

या विवाहाचे गुणगान करताना एक गोष्ट सहसा राहून जाते. वर पंधरा वर्षांचा होता आणि वधू त्याहून लहान. जातीची भिंत पाडणारे हे लग्न बालविवाहच होते. निवड दोन राजांची होती, वधूवरांची नव्हे. त्या काळाला ते खटकले नाही. आजच्या वाचकाला खटकावे. पुढे हे दांपत्य युरोपात वावरले. पॅरिसमध्ये मॅन रे या छायाचित्रकाराने दोघांची छायाचित्रे काढली, एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाने त्यांच्यासाठी इंदूरला माणिकबाग राजवाडा उभारला. संयोगिताबाई १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये वारल्या.

अमेरिकन विवाह. मुंबईतील बावला खून प्रकरणात संशय इंदूर दरबारापर्यंत पोचल्यावर तुकोजीरावांनी १९२६ साली गादी सोडली. दोन वर्षांनी त्यांनी सिॲटलच्या नॅन्सी ॲन मिलर हिच्याशी लग्न ठरवले तेव्हा वर्तमानपत्रांना महिनोन्महिने खाद्य मिळाले. येथे पुन्हा कोल्हापूर येते. मार्च १९२८ मध्ये नाशिकला नॅन्सीला हिंदू धर्माची दीक्षा दिली ती करवीर (कोल्हापूर) पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी. तिचे नाव शर्मिष्ठादेवी झाले. पण धर्म मिळाला तरी जात कुठली, हा पेच उरलाच. तो सोडवण्यासाठी धनगर समाजातील लांभाते कुटुंबाने तिला मुलगी म्हणून दत्तक घेतले, आणि मग १७ मार्चला बडवाह येथे लग्न लागले. परकीय वंशाची वधू स्वीकारायची तर तिला आधी जातीत जन्म द्यायचा, ही तोड अस्सल इथली. जात मोडून वंशाची वेस ओलांडली गेली नाही. जातीच्या दारातूनच ओलांडली गेली. धर्मांतराला विरोध करणाऱ्यांपेक्षा ही युक्ती काढणाऱ्यांना समाज अधिक कळत होता, असे म्हणावे लागते.

ब्रिटिश सरकारला संस्थानिकांचे असे विवाह आवडत नसत. पुदुकोट्टईचे राजे मार्तंड तोंडैमान यांनी १९१५ साली मॉली फिंक या ऑस्ट्रेलियन स्त्रीशी लग्न केले; ब्रिटिशांनी तिला राणी मानले नाही, आणि त्यांच्या मुलाला गादी मिळाली नाही. अमेरिकेतही अनेक राज्यांत गोऱ्या व्यक्तीने अन्य वंशीयाशी लग्न करणे गुन्हा होता, आणि ते निर्बंध तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले. नॅन्सीच्या वॉशिंग्टन राज्यात मात्र अशी बंदी १८६८ पासून नव्हती.

वारसा. यशवंतरावांनी पुढे मार्गरेट लॉलर (१९३८) आणि युफेमिया क्रेन (१९४३) या अमेरिकन स्त्रियांशी लग्ने केली. युफेमियापासून त्यांना १९४४ साली रिचर्ड हा मुलगा झाला. १९६१ साली यशवंतराव वारले तेव्हा वारस मानल्या गेल्या त्या संयोगिताबाईंच्या कन्या उषाराजे. मुलगा असताना मुलीला गादीचा मान, हे राजघराण्यांत क्वचितच घडते. येथे ते घडले, कारण एकाची आई अमेरिकन आणि दुसरीची कागलची होती. ज्या सोयरिकीने १९२४ साली मराठ्यांच्या भुवया उंचावल्या, तीच सदतीस वर्षांनी शुद्ध ठरली! रिचर्ड होळकर यांनी पुढे पत्नी सॅली यांच्यासह महेश्वरला रेहवा सोसायटी काढून माहेश्वरी साडीचे विणकाम सावरले. सॅलीही अमेरिकनच.

सद्यःस्थिती. आज कोल्हापुरात भिन्न धर्माच्या किंवा परदेशी जोडीदाराशी रजिस्टर लग्न करायचे तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, नोटीस लावल्यावर आणखी ३० दिवसांची वाट आणि लग्नाला तीन साक्षीदार, ही त्याची मुख्य अंगे. ही जाहीर नोटीसच घरच्यांपर्यंत बातमी पोचवते, म्हणून अनेक जोडपी ती टाळण्यासाठी वैदिक विवाह किंवा धर्मांतराची वाट धरतात. परदेशी जोडीदाराला भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करण्याआधी साधारण सात वर्षे येथे राहावे लागते.

दोघांपैकी एक अनुसूचित जाती-जमातीचा किंवा भटक्या-विमुक्तांपैकी असेल, तर आंतरजातीय दांपत्याला राज्याकडून ५०,००० रुपयांचे साहाय्य मिळते. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमाती (क) प्रवर्गात असल्याने मराठा-धनगर विवाह आज या योजनेत बसतो. तरी धोका संपलेला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये कोल्हापूर शहरातच घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेल्या तरुण दांपत्याचा खून झाला. २०१८ च्या शक्तिवाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या लग्नात खाप किंवा जातपंचायतीला ढवळाढवळीचा अधिकार नाही, असे बजावले आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष व सुरक्षागृहांचे निर्देश दिले. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा त्याआधी, २०१७ साली, अमलात आला होता.