उंचीचा हिशेब : गॅलिलिओपासून खोपोलीपर्यंत

नववीच्या वर्गातले नेहमीचे उदाहरण घेऊ. २५ मीटर उंच कड्यावरून एक दगड सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, दुसरा त्याच वेगाने सरळ खाली. जमिनीवर आदळताना कोणाचा वेग जास्त? गुरुत्व त्वरण १० धरू, हवेचा विरोध सोडून देऊ. गतीच्या समीकरणांनी सोडवायचे तर अधिक-उणे चिन्हे सांभाळावी लागतात आणि बहुतेक वह्यांत घोटाळा होतो तो तेथेच. ऊर्जेच्या रीतीत दिशेचा प्रश्नच येत नाही. निघतानाच्या वेगाचा वर्ग ४००, त्यात २ × १० × २५ म्हणजे ५०० मिळवले की ९००. दोघांचाही वेग ३०. तिसरा दगड आडवा फेकला तरी ३०च. मात्र खाली फेकलेला दगड १ सेकंदात पोचतो आणि वर फेकलेला ५ सेकंदांनी. हा फरक ऊर्जा सांगत नाही. वेळ विचारली असेल तर जुन्या समीकरणांकडेच जावे लागते.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ‘‘वेगवर्गाचे सूत्र तर आम्हाला गतीच्या धड्यातच मिळाले होते. मग ऊर्जेने नवे काय दिले?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे पुरते उत्तर मिळायला दोनशेहून अधिक वर्षे जावी लागली.

गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात असे धरले, की उतार कमीअधिक असले तरी उंची तीच असेल तर गुळगुळीत उतारावरून आलेल्या वस्तूचा अखेरचा वेग तोच असतो. आधाराला त्याने लंबक घेतला. दोरी वाटेत खिळ्याला अडली तरी गोळा मूळ उंचीपर्यंतच चढतो. (हा प्रयोग फळ्यावर खिळा ठोकून वर्गात जरूर करावा. खिळा फार खाली नको.) त्याच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याजवळ राहिलेल्या टॉरिसेलीने १६४४ मध्ये हाच विचार पाण्याला लावला : भांड्याच्या तळाजवळच्या छिद्रातून उडणाऱ्या धारेचा वेग, तेवढ्याच उंचीवरून पडलेल्या थेंबाच्या वेगाएवढा असतो.

पण उंचीने वस्तूला दिलेले हे ‘काहीतरी’ मोजायचे कसे? देकार्तच्या अनुयायांचे माप होते वस्तुमान गुणिले वेग. लायब्निझने १६८६ मध्ये त्यांना कोड्यात टाकले. १ किलोचे वजन ४ मीटर उचलायला आणि ४ किलोचे १ मीटर उचलायला सारखेच श्रम पडतात. खाली पडताना पहिल्याचा वेग दुसऱ्याच्या दुप्पट होतो. देकार्तच्या मापाने हिशेब येतो २ आणि ४, जुळत नाही. वेगाचा वर्ग घेतला की ४ आणि ४. पुढे १७२० च्या दशकात हॉलंडच्या ग्रॅव्हसांडने पितळी गोळे ओल्या मातीवर टाकून खळगे तपासले आणि कौल वर्गाच्या बाजूने गेला. फ्रान्समध्ये एमिली द्यू शातले या विदुषीने १७४० च्या आपल्या ग्रंथात त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. सूत्रातला ‘अर्धा’ कोरिओलिसने १८२९ मध्ये रूढ केला आणि ‘स्थितिज ऊर्जा’ ही संज्ञा रँकिनने १८५३ मध्ये दिली. मुलांना हा धडा एका आठवड्यात पचत नाही, याचे मला नवल वाटत नाही.

आता त्या विद्यार्थ्याचे उत्तर. घोरावाडी-तळेगावच्या शिक्षकांना ते लांब शोधायला नको. लोकलने लोणावळ्यास जाऊन मुलांना वळवणचे धरण दाखवावे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी घाटाखाली नेऊन टाटांच्या कंपनीने खोपोलीला वीज केली आणि १९१५ पासून ती मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. घाट सोपेपणासाठी ५०० मीटर धरू. पाणी येथे मुक्तपणे पडत नाही. ते तिरक्या नळांतून, काही मीटर प्रतिसेकंद अशा संथ वेगाने उतरते. एकसमान त्वरण नाही, म्हणून गतीच्या धड्यातले सूत्र लावण्याचा अधिकारच आपल्याला नाही. उंची येथे दाबाच्या रूपाने साठते, नळाच्या तळाशी वातावरणाच्या सुमारे ५० पट. तोटीतून सुटताना तो दाब वेगात बदलतो. टॉरिसेलीच्या नियमाने वेग येतो सेकंदाला ९९ मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटर. घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडा कमी.

ही धार पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते. कॅलिफोर्नियातल्या खाणकामातून पुढे आलेल्या लेस्टर पेल्टनने १८८० मध्ये त्याचे पेटंट घेतले. वाटी धारेच्या निम्म्या वेगाने पळते. वाटीच्या दृष्टीने पाणी ५० ने येते आणि वळून ५० ने मागे जाते. जमिनीवरून पाहणाऱ्याला ते जवळजवळ स्थिर होऊन खाली गळताना दिसेल. सगळी गतिज ऊर्जा चक्राने काढून घेतलेली असते. सेकंदाला १ घनमीटर पाण्यामागे ४,९०० किलोवॅट, गळती वजा जाता.

पुस्तकात उंची हे एक अक्षर असते. या डोंगरांत तिची किंमत जमिनीत मोजली गेली. शेजारच्या मुळशीचे पाणी भिऱ्याला उतरवण्यासाठी जे धरण होणार होते, त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला. उदाहरण सोडवताना हेही मुलांच्या कानावर घालायला हरकत नाही.

राहता राहिला पावसाळ्यात घाटावरून सरळ कोसळणाऱ्या पाण्याचा प्रश्न. त्याची उंची कुठे जाते? जूलने १८४५ मध्ये नायगाऱ्यासाठी हिशेब मांडला होता : पडल्यावर पाणी फॅरनहाइटच्या सुमारे एक पंचमांश अंशाने तापावे. आपल्या ५०० मीटरला, बाष्पीभवन आणि हवा सोडल्यास, ते एका सेल्सिअस अंशाहून थोडे अधिक येते. खोपोलीच्या चक्राखालचे पाणी तेवढे तापत नाही, कारण त्याच्या उंचीचा मोठा हिस्सा तारांवरून निघून गेलेला असतो.