शिवण आणि शिक्का

दिल्लीतील सरोजिनी नगरच्या बाजारात चार वेळा गेलेल्या गृहिणीला एक सवय जडते. कपडा हाती आला की ती तो आधी उलटा करते. परदेशी पाठवण्यासाठी शिवलेला, परंतु जादा उरलेला वा किरकोळ दोषापायी नाकारला गेलेला माल येथे येतो, आणि त्याच्या गळ्यापाशी असणारी नावाची पट्टी पुष्कळदा कापलेली असते. नाव गेले, तेव्हा शिवण पाहायची, काजी पाहायची, कड ओढून पाहायची. ही परीक्षा मी बायकांकडून शिकलो. पुरुष मंडळी असल्या बाजारात बहुधा पिशव्याच सांभाळतात.

परंतु विजेवर चालणारे हत्यार घेताना हीच परीक्षा उपयोगी पडत नाही, हे मला त्याच वसाहतीत कळले. स्वातंत्र्यानंतर विनय नगर म्हणून वसलेल्या आणि पुढे सरोजिनी नायडूंचे नाव मिळालेल्या या वस्तीत माझे एक स्नेही सरकारी घरात राहत असत. फळ्या ठोकण्यासाठी त्यांनी भोके पाडण्याचे एक स्वस्त विद्युत यंत्र आणले. रंग झकास, नाव भारदस्त. तिसऱ्या भोकाला जळका वास आला आणि यंत्र भिंतीतच थबकले. मग सुताराला बोलवावे लागले. त्याने यंत्राचे टोक चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलवले, ते डुलते आहे एवढे पाहिले आणि बाजूला ठेवले. परीक्षेला अर्धे मिनिटही लागले नाही.

पूर्वी या परीक्षेचे ओझे गिऱ्हाइकावर नव्हते. गावातला लोहार कुदळ करी; ती वाकली तर तोच लोहार, तोच भाता आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा समोरासमोर येत. कारखान्याचा माल आला आणि हे नाते तुटले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली तयार झाला; पण पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आपण त्या समजुतीला हसतो. मला मात्र त्यात थोडा शहाणपणाही दिसतो. ज्याचा कर्ता ओळखीचा नाही अशा वस्तूवर एका हंगामाचे पीक कोण पणाला लावील? १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. लोहाराच्या भात्याशी जी बोलणी होत, ती आता कारखानदाराला छापून गावोगाव पाठवावी लागली, असे मी त्या मासिकाकडे पाहतो.

तोवर पाश्चात्त्य देशांत हत्यारात वीज शिरली होती. श्टुटगार्टच्या फाइन कारखान्याने १८९५ साली हातात धरण्याचे विद्युत गिरमिट केले; अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकरने १९१७ साली पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा यांचे पेटंट मिळवले. सोय मोठी झाली, पण यंत्राची शिवण कवचाआड गेली. तांब्याच्या तारेची गुंडाळी किती नेटकी, आस गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरतो की साध्या बुशवर, हे दुकानात कोणाला दिसणार? पेटीवर वॅटचा आकडा ठळक असतो. पण तो यंत्र वीज किती खाते ते सांगतो. काम किती देते ते नव्हे.

जे डोळ्यांना दिसत नाही त्याची हमी कोणी तरी घ्यावी, म्हणून १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली, आणि १९५२च्या कायद्याने आयएसआय हा शिक्का आला. संस्थेचे पहिलेच मानक राष्ट्रध्वजाचे होते, हे जाता जाता सांगावेसे वाटते. १९८७ साली तिच्या जागी भारतीय मानक ब्यूरो आला. शिक्क्याचे मोल मी कमी मानत नाही. ओल्या हाताने यंत्र धरणाऱ्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न आहे. मात्र शिक्का किमान मर्यादा सांगतो. वस्तू किती वर्षे टिकेल हे सांगत नाही.

आणि नाव? चीनमधील योंगकांगसारख्या गावी कारखान्यांची दाटी आहे. अशा ठिकाणी एकच यंत्र निरनिराळ्या रंगांत, निरनिराळ्या नावांनी बाहेर पडू शकते. सरोजिनी नगरात नाव कापलेले आणि शिवण उघडी; येथे शिवण बंद आणि नाव चिकटवलेले! म्हणून स्वस्त यंत्र घेताना मी दुकानदाराला नाव विचारीत नाही. झिजणारे कार्बन ब्रश बाहेरून झाकण काढून बदलता येतात का, आणि ते याच दुकानात मिळतात का, एवढेच विचारतो. चौकोनात चौकोन ही दुहेरी विद्युतरोधनाची खूण आहे का पाहतो, आणि सुताराप्रमाणे टोक हलवून बघतो. वर्षातून चार भोके पाडणाऱ्या गृहस्थाला स्वस्त यंत्र पुरेही. परंतु ज्याची रोजची मजुरी त्यावर आहे, त्याचे यंत्र दुपारी बंद पडले तर संध्याकाळचे पैसेच बुडतात.

त्या दिवशी सुताराने उरलेली भोके आपल्या यंत्राने पाडली. ते जुने होते, दोरी दोनदा बदललेली. कोणत्या कंपनीचे म्हणून मी विचारले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले. हाताच्या घामाने अक्षरे केव्हाच पुसून गेली होती. ब्रश मात्र कोणत्या मापाचे लागतात ते त्याला तोंडपाठ होते.