वई, वाडा आणि कंपाउंड

‘कंपाउंड घालणे’ हा प्रयोग मराठीत आता इतका रूढ झाला आहे की, त्यातील अर्थांतर सहसा ध्यानात येत नाही. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ बंगल्याभोवतीचे आवार असा होता. यूल व बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात (१८८६) तो मलायी ‘कांपोंग’ या वस्तीवाचक शब्दाकडे नेला आहे. मराठीने आवार बाजूला ठेवून त्याभोवतीच्या भिंतीलाच ते नाव दिले. याच्या नेमका उलट प्रवास मराठीत पूर्वीच घडून गेलेला होता.

संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, तसेच कुंपण घातलेली जागा. (मार्ग या अर्थाची मराठी ‘वाट’ निराळी, ती ‘वर्त्मन्’पासून आलेली.) त्यापासून वाडा व वाडी. वाडी म्हणजे कुंपणातील बाग, तीतील घरे, पुढे घरांचा समूह आणि अखेर सावंतवाडीसारखे संस्थानाच्या राजधानीचे नाव. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. जर्मन भाषेत ‘त्साउन’ म्हणजे कुंपण; त्याच कुळातील डच शब्दाचा अर्थ बाग, आणि इंग्रजी ‘टाउन’चा अर्थ नगर. देशावर तर वाडा हे चौकाभोवती बांधलेल्या घराचेच नाव झाले. तेथे घराची भिंत हेच घराचे कुंपण. जुना अर्थ स्पष्टपणे टिकून राहिला तो कोंडवाड्यात.

संस्कृत ‘वृति’, प्राकृत ‘वइ’ यांच्याद्वारे आलेल्या ‘वई’ची गोष्ट वेगळी आहे. ‘वाट’ हा शब्दही त्याच ‘वृ’ धातूकडे नेण्याकडे विद्वानांचा कल आहे. परंतु वईने आपला अर्थ सोडला नाही. कोकणात घर मोकळ्या परसात उभे असते आणि त्याभोवती माड, पोफळी, भाजीपाला असतो. तेव्हा गुरांपासून राखण ही नित्याचीच बाब. खुंट रोवावेत, त्यांना बांबूच्या आडव्या कांबी बांधाव्यात आणि मध्ये काटेरी फांद्या दाटून भराव्यात, अशी ही वई. खुंटांना वाळवी खालून पोखरते, पावसाने बांधणी कुजते. म्हणून वई एकदा करून संपत नाही, ती वर्षानुवर्षे करावी लागते. पांगाऱ्याचे खुंट रोवले तर ते रुजून पालवतात आणि वाळवीचे भय उरत नाही; मात्र छाटणी चुकत नाही. जांभ्या दगडाचा, चुन्याशिवाय रचलेला गडगा अधिक टिकाऊ खरा. पण त्याचेही दगड पावसाळ्यात ढासळतात आणि पुन्हा चढवावे लागतात. दोन गडग्यांमधील अरुंद वाटेला ‘पाणंद’ असे स्वतंत्र नाव आहे; तिचे अस्तित्व सर्वस्वी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या डागडुजीवर अवलंबून असते.

ही डागडुजी कोणी करावयाची, हा प्रश्न जुनाच आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गावच्या गायरानालगतच्या शेताचे कुंपण उंटाला वरून पाहता येणार नाही इतके उंच असावे, आणि कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड शिरेल असे प्रत्येक भोक बुजवावे, असे सांगितले आहे. तेथील कुंपणहीन पिकाची गुरांनी नासाडी केल्यास गुराख्यांना दंड नाही, असेही म्हटले आहे. म्हणजे कुंपणाचा भार पिकाच्या धन्यावर. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने याउलट, नुकसान करणारी गुरे धरून कोंडवाड्यात पाठविण्याचा अधिकार जमीन कसणाऱ्यास दिला. त्यासाठी कुंपणाची अट घातली नाही. कुंपणाच्या इतिहासात हा पालट तारेच्या शोधाहून मोठा मानावा लागेल. अर्थात शेळीला कायदा कळत नाही, आणि ती कोंडवाड्यात पोहोचेपर्यंत भाजीचा वाफा उरत नाही. त्यामुळे वया बांधल्या जातच राहिल्या.

श्रम वाचविण्याचा मार्ग लोकांनी वनस्पतींतही शोधला. ‘निवडुंग’ हे मूळचे देशी, चिकाळ स्नुहीचे नाव. अमेरिकेतून आलेल्या चपट्या जातीला फण्याच्या आकारावरून ‘फड्या निवडुंग’ म्हटले गेले. अमेरिकेहूनच आलेला दुसरा कुंपणवृक्ष मात्र ‘मोगली एरंड’ झाला. लोकभाषेला परकेपणा नोंदवायचा होता, भूगोल नव्हे. निवडुंगाच्या कुंपणाला मशागत लागेना, पण ते कुंपणापुरते राहीनाही. पडीक जमिनी त्याने व्यापल्या. १७९५ साली रंगाचा किरमिजी किडा समजून ब्राझीलहून चुकीने भलताच किडा आणला गेला आणि त्याने निवडुंगाची एक जात जवळजवळ संपविली. दुसऱ्या जातीसाठी १९२६ मध्ये त्याच कुळातील आणखी एक किडा श्रीलंकेतून मुद्दाम आणावा लागला.

काटेरी तारेचे प्रसिद्ध एकस्व अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील ग्लिडन याने १८७४ साली मिळविले. ही वस्तू मराठीत आली तेव्हा नव्या नावाची गरज भासली नाही. ‘तारेचे कुंपण’ एवढ्याने भागले, कारण खुंट आणि काटे हे जुनेच होते. विटा-सिमेंटच्या भिंतीला मात्र ‘वई’ म्हणता येईना, कारण दरसालचे बांधणे हा त्या शब्दाच्या अर्थाचाच भाग होता. आणि ‘वाडा’ हा शब्द तर केव्हाच आत राहावयास गेलेला होता. रिकाम्या राहिलेल्या त्या जागी ‘कंपाउंड’ येऊन बसले.