एकवीस वर्षांचं वाद्य

परवा माळा आवरताना एक कॅसेट हाती लागली. वर निळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात, चार सुरावटींची नावं. बायको म्हणाली, "टाकून दे, लावायला टेपरेकॉर्डर तरी कुठाय?" नाही टाकली. त्या कॅसेटची ही गोष्ट.

२००४ ते २००७ मी नोकरीनिमित्त डब्लिनला होतो. आमच्या गल्लीत एक आजोबा राहायचे. पत्नी गेलेली, मुलं परदेशी. रोज संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून सनईसारखा, पण जरा घोगरा आवाज यायचा. महिनाभराने धीर करून बेल वाजवली. "ऐकायचंय की शिकायचंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आधी ऐकतो."

ते वाद्य म्हणजे इलिन पाइप्स. आयरिश भाषेत 'इला' म्हणजे कोपर, त्यावरून हे नाव. स्कॉटिश बॅगपाइप तोंडाने फुंकतात. इथे उजव्या कोपराखाली छोटा भाता असतो, आपल्या पेटीला असतो तसाच काहीसा. त्याने डाव्या बगलेतली पिशवी भरायची आणि ती दाबून वारा सोडायचा. बोटं चालतात ती चँटर नावाच्या नळीवर. पूर्ण संचात आणखी तीन नळ्या एकच सूर धरून बसतात, सनईवाल्याच्या शेजारी सूर धरणारा बसतो ना, तसं. शिवाय मनगटाने दाबायच्या पट्ट्या असतात त्या वेगळ्याच! मला मिळाला तो शिकाऊ संच. पिशवी, भाता, चँटर. बस्स. पहिले तीन आठवडे नुसतं बदकाचं ओरडणं.

तिथे आजोबांच्या वयाच्या माणसालाही नावाने हाक मारतात. माझी जीभ काही वळेना. मी 'सर' म्हणायचो, ते हसायचे. पाइपवाला व्हायला एकवीस वर्षं लागतात अशी तिकडे म्हण आहे: सात शिकायची, सात सरावाची, सात वाजवायची. "तुझी एकवीस वर्षं पुरी होतील तेव्हा मी कुठे असेन कोण जाणे!" असं म्हणून ते चहा टाकायचे.

त्यांच्या बोलण्यात एक नाव सारखं यायचं, शेमस एनिस. जन्म १९१९ चा. वडीलही पाइपवादक. १९०८ साली वडिलांना लंडनमध्ये गहाणवट्याच्या दुकानात एका पिशवीत जुन्या पाइप्सचे सुटे भाग मिळाले. डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवरच्या कॉइन नावाच्या कारागिराच्या हातचा, एकोणिसाव्या शतकातला संच. तोच पुढे शेमसकडे आला. १९४२ ते १९४७ या काळात शेमस आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगासाठी सायकलवरून गावोगाव हिंडला. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या चुलीपाशी बसून त्याने दोन हजारांच्या वर गाणी आणि सुरावटी कागदावर उतरवल्या. पुढे रेडिओ आयर्लंड, बीबीसी. उतारवयात मात्र नॉल नावाच्या खेड्यात एका कॅराव्हॅनमध्ये राहिला.

आणि त्याचा तरुण मित्र लिअम ओ'फ्लिन, शेमसपेक्षा सव्वीस वर्षांनी लहान. मुळात शिष्य लिओ राउसमचा. पण सत्तरच्या दशकात काही काळ तो आणि शेमस डब्लिनमध्ये एकाच घरात राहत. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, लिअमचा 'प्लँक्स्टी' हा बँड निघाला आणि ज्या तरुणांना पाइप्स ठाऊकही नव्हते त्यांच्यापर्यंत ते पोचले. शेमस १९८२ मध्ये गेला. जाताना वडिलांचा तो संच त्याने लिअमला ठेवला.

मी परत निघालो तेव्हा आजोबांनी शिकाऊ संच माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा, वाजव." मी आणला. पुण्याच्या पहिल्याच मे महिन्यात त्याचं रीड वाळून मुकं झालं. दुरुस्त करणारा इथे कोण? मग नोकरी, मुलीची शाळा, आईचं आजारपण.. संच कपाटात गेला. आजोबा फोनवर दर वेळी विचारायचे, "वाजवतोस ना?" मी "हो" म्हणायचो. खोटं. २०११ मध्ये ते गेले, तोवर मी "हो"च म्हणत होतो.

मार्च २०१८ मध्ये लिअम गेल्याची बातमी वाचली. शेमसने संच त्याला ठेवला होता हे तेव्हा पुन्हा आठवलं, आणि शरमलो. शेमसने वाद्य आठवण म्हणून जपायला दिलं नव्हतं, वाजणार होतं तिथे दिलं होतं. आजोबांनीही मला तसंच दिलं होतं, आणि मी ते आठवण करून कपाटात ठेवलं होतं.

त्या वर्षी डब्लिनला जाणाऱ्या एका मित्राबरोबर मी संच परत पाठवला. तिथे एक शाळकरी मुलगी आता त्यावर शिकते आहे. नवं रीड बसवावं लागलं, एवढंच. मुलीने पहिली सुरावट फोनवर ऐकवली तेव्हा तेच बदकाचं ओरडणं ऐकू आलं आणि फार बरं वाटलं.

माझ्याकडे उरली ती कॅसेट. टेपरेकॉर्डर शोधतोय. कुणाच्या माळ्यावर असेल तर सांगा, मंडळी.