प्रतिकृतींना घरात जागा

घरात कोणी गलबताची, आगगाडीची किंवा एखाद्या देवळाची लहान प्रतिकृती करायला घेतली, तर काम चालू असेपर्यंत सगळे कौतुकच करतात. मेजावर वर्तमानपत्र पसरलेले असते, सरसाचा वास येत असतो, जेवायची हाक दोनदा मारावी लागते. पण कोणी रागावत नाही. खरी अडचण उभी राहते ती काम पुरे झाल्यावर. रंग वाळला, शेवटचा दोरा बांधून झाला, की घरातून प्रश्न येतो, "आता हे ठेवायचं कुठं?" पहिले गलबत दिवाणखान्यात मानाने बसते. दुसरे कपाटावर चढते. तिसऱ्याच्या वेळी मात्र झाडलोट करणारे माणूस आधीच बजावून ठेवते, "फडकं मारताना शीड मोडलं, तर मला बोलायचं नाही."

तुम्हाला वाटेल, ही लहान घरांची रड आहे. वाडा असता तर प्रश्न पडलाच नसता. पण इतिहास तसे सांगत नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत, १६६८ पासून, त्याचा युद्धमंत्री लूव्हा याने राज्यातील तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती करविण्यास सुरुवात केली. सहाशे फुटांना एक फूट, असे साधारण त्यांचे प्रमाण. पॅरिसला बसून राजाने एखादा बुरूज कुठून कमजोर आहे ते पाहावे, हा हेतू. पुढे त्यांना लूव्ह्र राजवाड्यातले लांबलचक दालन मिळाले. पण १७७७ मध्ये ते दालन चित्रांसाठी हवेसे झाले आणि राजाच्या या लाडक्या शहरांची रवानगी 'आँव्हालीद' या जुन्या सैनिकांच्या आश्रयस्थानाच्या माळ्यावर झाली. काही प्रतिकृती त्या हलवाहलवीत नष्टही झाल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याचशा आजही त्याच इमारतीत संग्रहालय म्हणून पाहायला मिळतात. सांगायचे ते एवढेच, की नकोशा वस्तूने माळा गाठायचा, ही रीत राजवाड्यालाही चुकली नाही.

आता राजवाडा सोडून एका खाजगी घराकडे वळू. लंडनमध्ये 'लिंकन्स इन फील्ड्स' नावाचा एक चौक आहे. तिथे सर जॉन सोन नावाचा वास्तुशिल्पी राहत असे. जन्म १७५३ चा. बाप वीटकाम करणारा गवंडी. पोरगा मात्र शिकला, इटलीत हिंडून आला आणि १७८८ पासून पुढची पंचेचाळीस वर्षे बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुशिल्पी म्हणून राहिला. त्याला प्रतिकृतींचा मोठा नाद होता, आणि तो नुसता शौकही नव्हता. इमारत बांधण्याआधी तिचा लाकडी नमुना करून पाहावा, म्हणजे प्रकाश कुठून येतो, कमान कशी दिसते, हे कागदापेक्षा चांगले कळते, असे त्याचे मत होते. बँकेच्या दालनांचे असे नमुने त्याने करविले. शिवाय तो १८०६ पासून रॉयल अकादमीत वास्तुकलेचा प्राध्यापक होता. त्या काळी फ्रान्सशी लढाया चालू होत्या, आणि विद्यार्थ्यांना इटली-ग्रीस पाहायला जाणे अवघड झाले होते. तेव्हा इटलीच आपल्या घरी आणावी, असे त्याने मनात घेतले. व्याख्यानाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांसाठी त्याच्या घराचे दार उघडे असे.

या प्रतिकृती दोन तऱ्हांच्या होत्या. एक बुचाच्या. बुचाच्या झाडाची साल हलकी, सहज कापता येणारी, आणि दिसायला जुन्या, ऊनपाऊस खाल्लेल्या दगडासारखी. म्हणून पडक्या देवळांचे हुबेहूब नमुने त्याच सालीचे करीत. नेपल्सचे कारागीर यात तरबेज होते. सोनच्या संग्रहात पेस्तुमची देवळे होती, आणि इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले पाँपेई शहरही होते, तेही १८२० च्या सुमारास जेवढे उकरून निघाले होते तेवढेच. दुसरी तऱ्हा पांढऱ्या प्लास्टरची. पॅरिसच्या फूके नावाच्या कारागिराने केलेल्या अशा वीस इमारती सोनने १८३४ मध्ये विकत घेतल्या. बुचात देवळे पडकी, आज दिसतात तशी. प्लास्टरमध्ये ती नवीकोरी, कधीकाळी होती तशी. दोन्ही शेजारी ठेवली, की विद्यार्थ्याला निम्मा धडा न बोलता समजे.

पण एवढे ठेवायचे कुठे? सोनने पहिला उपाय केला तो पैसेवाल्याचा. चौकातले १२ नंबरचे घर त्याने १७९२ मध्ये घेतले होते. मग शेजारचे १३ नंबर घेऊन ते १८१२ मध्ये नव्याने बांधले. मग १४ नंबर घेतले. तरी घर पुरेना. १८२४ मध्ये त्याने एका मिसरी राजाची दगडी शवपेटी दोन हजार पौंडांना घेतली, तेव्हा ती आत न्यायला मागची भिंत फोडावी लागली!

दुसरा उपाय मात्र युक्तीचा, आणि तो तुमच्याआमच्या उपयोगाचा आहे. चित्रांसाठी त्याने एक खोली बांधली, अंदाजे चौदा फूट लांब आणि बारा फूट रुंद. आपल्याकडची एक साधी खोली म्हणा ना! तिच्यात शंभराहून अधिक चित्रे मावली. कशी? भिंतींना त्याने कपाटाच्या दारांसारख्या बिजागरीच्या फळ्या बसविल्या. फळीच्या पुढच्या अंगाला चित्रे, उघडली की मागच्या अंगाला चित्रे, आणि त्यामागे पुन्हा चित्रे. प्रतिकृतींसाठीही त्याने जमीन अडविली नाही, उंची वापरली. खोलीच्या मधोमध खांबांवर उभे राहील असे दोन थरांचे मोठे मांडण करविले. खालच्या अंगाला बुचाची पाँपेई, वर पांढऱ्या इमारती. भोवतीने फिरायला वाट. खिडकीचा उजेड सगळ्यांवर पडे.

आता ही खोली कोणती होती, ते सांगतो. प्रतिकृती आधी पोटमाळ्यावर होत्या. १८३४-३५ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, सोनने त्या दुसऱ्या मजल्यावर आणल्या, त्याच्या बायकोच्या निजण्याच्या खोलीत. एलायझा १८१५ मध्येच वारली होती. त्याच साली धाकटा मुलगा जॉर्ज याने बापाच्या बांधकामांची टर उडविणारे लेख निनावी छापले होते. ते पोराचेच आहेत, हे आईला कळले आणि थोड्याच आठवड्यांत ती गेली. बाप ते कधी विसरला नाही. थोरला मुलगाही १८२३ मध्ये वारला. घरातली माणसे अशी कमी होत गेली आणि वस्तू वाढत गेल्या. अखेर १८३३ मध्ये सोनने पार्लमेंटकडून कायदाच करवून घेतला, की आपल्या पश्चात हे घर आहे तसे राष्ट्रासाठी राखावे. जॉर्जने विरोध केला, चालला नाही. वीटकाम करणाऱ्याच्या मुलाचे घर बुचाच्या देवळांना मिळाले, पण पोटच्या पोराला नाही.

यात चूक कोणाची, ते तुम्ही ठरवा. हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. १९२५ पासून बँक ऑफ इंग्लंडची नवी इमारत उभारायला घेतली गेली. वास्तुशिल्पी होते सर हर्बर्ट बेकर, म्हणजे नवी दिल्लीतील सचिवालयाच्या इमारती ज्यांनी बांधल्या तेच. सोनने पंचेचाळीस वर्षे खपून उभारलेली दालने त्या वेळी पाडली गेली. बाहेरची भिंत बरीचशी राहिली. मूळ गेले, आणि त्याच्या लाकडी नमुन्यांपैकी काही घरात सुखरूप राहिले! नमुन्यांची खोलीसुद्धा कायदा असूनही पुढे मोडली गेली, कारण संग्रहालयाच्या प्रमुखाला राहायला जागा हवी होती. जिवंत माणसाने आपली जागा परत घेतली म्हणायची. जुन्या जलरंगी चित्रांवरून ती पुन्हा मांडली आणि २०१५ मध्ये लोकांना खुली झाली.

आपल्याकडे या प्रश्नाचे एक उत्तर मुलांनी कधीच शोधून ठेवले आहे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला होतो. दगड, पोती, वर गेरू, उतारावर अळिवाची हिरवळ. सिंहगड असो की प्रतापगड, चार दिवस सारी आळी पाहून जाते. मग किल्ला मोडतो आणि माती अंगणात मिसळते. जपून राहतात ते फक्त मावळे आणि सिंहासनावरचे महाराज, वर्तमानपत्रात गुंडाळून एका खोक्यात.

तेव्हा कपाट घेण्याआधी प्रत्येक प्रतिकृतीला एकदा विचारावे, तू रोज पाहायची आहेस, की खोक्यात विसावणारी, की फोटो काढून निरोप द्यायची? रोजची असेल तिला भिंत द्या, काच द्या, उजेड द्या. पण ऊन लागू देऊ नका. आणि जी जागा द्याल ती कोणाची होती, हेही त्या माणसाला विचारून घ्या. सोनला ते विचारता आले नाही. त्या खोलीची मालकीण जाऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती.