जिलबी, डम्पिंग आणि शंभर वर्षं जुना एक बग

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा जे इयरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना मी जे सतरा वेळा 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' म्हणतो, त्यातले निम्मे गाळलेत.

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या पोटापासून करावी लागणार. अगदी शब्दशः.

चौदा महिन्यांपूर्वी माझं गॅस्ट्रिक बायपासचं ऑपरेशन झालं. तेव्हा वय २७, वजन १३१ किलो आणि डायबिटीसच्या दोन गोळ्या चालू. वर्षभरात वजन ८६ वर आलं. आज सकाळी काटा ९१ दाखवत होता. हे पाच किलो कुठून आले ते मला माहीत आहे. ते संध्याकाळी सहाच्या चहाबरोबरच्या खारी-टोस्टमधून आले, आणि रात्री अकरा वाजता डिप्लॉयमेंट चालू असताना डब्यातून काढलेल्या चिवड्यातून आले. पहिले सहा महिने भूक नावाची गोष्टच नव्हती. मला वाटलं, सुटलो. तर नाही, ती परत आली. आणि आली ती भूक म्हणून नाही, तर थेट भात, पाव, बिस्किट अशी नावं घेऊनच आली.

पण त्याआधीचा एक किस्सा. आठव्या महिन्यात मामेबहिणीचा साखरपुडा होता. मावशीनं ताटात दोन जिलब्या टाकल्या. "घे रे, पार वाळलास! एका जिलबीनं काय होतंय?" मी दोन्ही खाल्ल्या, वर मठ्ठा प्यायलो. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घाम फुटला, पोटात मुरडा आला, डोळ्यांपुढे अंधारी. हॉलच्या मागच्या खोलीत गाद्यांच्या ढिगावर अर्धा तास आडवा पडून होतो. मावशी बिचारी घाबरून लिंबू सरबत घेऊन आली. साखर घालून!

ह्याला डम्पिंग म्हणतात हे मला ऑपरेशनआधी सांगितलं होतं. "गोड खाल्लंत तर शरीरच शिक्षा देईल," असं. तेव्हा मी मान डोलावली होती. गादीवर पडल्या पडल्या मात्र प्रश्न पडला, की हे असं कुणी मुद्दाम डिझाइन केलंय का? मग सवयीप्रमाणे मी मागे मागे शोधत गेलो, आणि जे सापडलं ते आजचा भाग.

तर चला १८८१ साली, व्हिएन्नाला. थिओडोर बिलरोथ नावाच्या सर्जननं जानेवारी महिन्यात एका बाईच्या पोटातला कॅन्सरचा भाग कापून उरलेलं जठर पुन्हा आतड्याला जोडलं, आणि ती बाई त्या ऑपरेशनमधून वाचली. त्याच वर्षी त्याचा सहकारी ॲन्टॉन व्योल्फलर यानं जठराला बाजूनं भोक पाडून ते सरळ लहान आतड्याला जोडलं. हा बायपासचा पणजोबा म्हणा. पुढची काही दशकं जठरातल्या अल्सरसाठी अशी ऑपरेशनं धडाधड होऊ लागली. अल्सरवर चांगली औषधं नव्हतीच, त्यामुळे कापणं हाच इलाज.

आता जठराच्या खालच्या टोकाला एक दार असतं, पायलोरस. अन्नाचा रवा-पातळ लगदा झाला की ते थोडं थोडं उघडतं आणि चमचा चमचा माल पुढे सोडतं. प्रोग्रामिंगवाल्यांसाठी सांगायचं तर तो रेट लिमिटर आहे. ही नवी ऑपरेशनं नेमका तोच बायपास करत होती. मग काही रुग्ण जेवले की तासाभरात त्यांना गरगरायचं, पोट फुगायचं, थकवा यायचा. १९१३ साली लंडनच्या आर्थर हर्ट्झ या डॉक्टरनं ह्याचा संबंध जठर फार वेगानं रिकामं होण्याशी जोडला. (ह्यानंच पुढे पहिल्या महायुद्धात आपलं जर्मन वाटणारं आडनाव बदलून हर्स्ट केलं.) १९२२ मध्ये मिक्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं त्याला 'डम्पिंग' हा शब्द दिला. डंपर मागून उचलून खडी ओततो ना, तस्संच.

आत काय होतं ते सोपं आहे. साखर आणि मैदा न पचता एकदम लहान आतड्यात पडतात. तिथलं द्रावण इतकं दाट होतं, की ते पातळ करायला रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. त्यात आतड्यातून हॉर्मोन्स सुटतात. म्हणून धडधड, घाम, मुरडा, जुलाब. हे झालं लवकरचं डम्पिंग, जेवणानंतर साधारण १० ते ३० मिनिटांत येणारं. उशिराचं डम्पिंग वेगळं, त्याच्याकडे येतोच.

लक्षात घ्या, १९२२ मध्ये हा बग होता. सर्जन लोक त्यानं वैतागलेले असायचे.

आता अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात. एडवर्ड मेसन नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन काही केल्या वाढत नाही. इतरांच्या दृष्टीनं ही तक्रार होती. मेसनला त्यात इलाज दिसला. १९६६ साली त्यानं चिकाशी इटो याच्याबरोबर लठ्ठपणासाठी पहिलं गॅस्ट्रिक बायपास केलं आणि १९६७ मध्ये ते छापलं. वरचं छोटंसं जठर वेगळं करायचं आणि ते थेट लहान आतड्याला जोडायचं. पायलोरस बायपास, डम्पिंग फुकट! जुना बग आता फीचर झाला. 'गोड खाल्लं की त्रास होईल, म्हणून माणूस गोड सोडेल' हा तर्क तिथून चालत आला, तो थेट माझ्या ऑपरेशनआधीच्या समुपदेशनापर्यंत.

मेसनच्या आधीही एक ऑपरेशन होतं, त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यातला मोह आपल्या सगळ्यांना कळेल. १९५४ मध्ये मिनेसोटात क्रेमेन आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराचसा भागच वाटेतून वगळण्याची कल्पना मांडली. जठराला हात लावायचा नाही, खायचं ते खा, पचणारच नाही! पथ्य नाही, मन मारणं नाही. हजारो लोकांनी ते करून घेतलं. पण मग सततचे जुलाब, मूतखडे आणि काहींचं तर लिव्हर निकामी. १९८० च्या आसपास ते बंद पडलं. खाण्यात काहीही न बदलता सुटका, हा शॉर्टकट तेव्हाच तपासून झालाय.

मेसननं स्वतःच नंतर दुसरी वाट धरली. बायपास सोडून जठरालाच स्टेपल मारून अरुंद करायचं आणि पट्टी बसवायची. सोपं, आणि आतड्याला हात नाही. १९८० च्या दशकात हे फार लोकप्रिय झालं. आणि इथेच आपल्या खारी-टोस्टचा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला.

व्हर्जिनियात हार्वे शुगरमन नावाचा सर्जन होता. (हो, नाव खरंच शुगरमन आहे. गोड खाण्यावर संशोधन करणाऱ्या माणसाचं.) त्यानं रुग्णांना आधी विचारलं, तुम्ही गोडखाऊ आहात का? मग चिठ्ठ्या टाकल्यासारखं २० जणांना बायपास आणि २० जणांना पट्टीवालं ऑपरेशन दिलं. १९८७ मध्ये निकाल आला. पट्टीवाल्यांमध्ये जे गोडखाऊ होते, त्यांचं वजन फारच कमी उतरलं. कारण उघड आहे. अरुंद वाटेतून पोळी अडकते, पण आइस्क्रीम, मिल्कशेक, चॉकलेट आरामात वितळून जातं. बायपासवाल्या गोडखाऊंना मात्र डम्पिंगचा धाक होता.

तेव्हापासून कित्येक सर्जन 'गोडखाऊला बायपास' असं गणित मांडू लागले. पुढच्या अभ्यासांत ते इतकं सरळ निघालं नाही. सगळ्यांना डम्पिंग होत नाही. ज्यांना होतं, त्यातल्या अनेकांचं वर्ष-दोन वर्षांत कमी होतं. आणि माणूस हुशार प्राणी आहे! मला जिलबीनं झोपवलं, पण चिवड्यानं नाही. खारीनं नाही. मी नकळत असे पदार्थ शोधून काढले जे अलार्म न वाजवता आत जातात. कुठल्याही सिक्युरिटी इंजिनियरला विचारा, एकाच नियमावर उभी भिंत किती दिवस टिकते.

मग बायपास चालतं तरी का? हे कळायला आणखी वेळ गेला. १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या वॉल्टर पोरीज यांनी १४ वर्षांचे आकडे मांडले. डायबिटीस असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची शुगर बायपासनंतर नॉर्मल झाली होती. बऱ्याच जणांची तर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत. म्हणजे प्रकरण फक्त छोट्या पिशवीचं नव्हतं, हॉर्मोन्सचं होतं.

१९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना जठरात एक हॉर्मोन सापडलं, घ्रेलिन. भूक वाढवणारं. २००२ मध्ये सिएटलच्या डेव्हिड कमिंग्ज यांच्या गटानं मोजलं, की डाएट करून वजन उतरवलं की घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढतं. शरीर ओरडत असतं, खा! आणि बायपास झालेल्यांमध्ये ते सामान्य वजनाच्या लोकांपेक्षाही ७७ टक्के कमी होतं. माझे पहिले सहा महिने आठवा. ते माझं मनोबल नव्हतं, केमिस्ट्री होती. बायपासवाले त्या प्रयोगात फक्त पाच होते आणि नंतरच्या अभ्यासांत आकडे वरखाली झाले, तरी दिशा कळली. उलट बायपासनंतर आतड्यातून जीएलपी-१ हे पोट भरल्याचं सांगणारं हॉर्मोन जेवणानंतर भरपूर सुटतं. आज ज्या वजनाच्या इंजेक्शनांच्या रील्स तुम्ही बघताय, ती ह्याच हॉर्मोनची नक्कल करतात.

सध्या जगात सगळ्यात जास्त होतं ते स्लीव्ह, म्हणजे जठराची उभी नळी करणारं ऑपरेशन. त्यात पायलोरस जागेवर राहतो, त्यामुळे डम्पिंग तुलनेनं कमी. माझ्या एका कलीगचं स्लीव्ह झालंय. तो माझ्यासमोर बसून गुलाबजाम खातो. दुष्ट.

आता उशिराचं डम्पिंग, कारण माझी खरी फसगत तिथे झाली. नुसते पोहे किंवा पाव खाल्ला की रक्तात साखर झरकन चढते. तो चढ बघून शरीर इन्शुलिनचा मोठा डोस सोडतं. जेवणानंतर एक ते तीन तासांत साखर धाडकन खाली येते. थरथर, घाम, चिडचिड आणि काहीतरी गोड हवंच अशी आग. २००५ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी बायपासनंतर साखर धोकादायक खाली जाणाऱ्या सहा रुग्णांबद्दल लिहिलं, तेव्हा ह्या प्रकाराकडे जगाचं नीट लक्ष गेलं. माझा प्रकार तितका गंभीर नाही. पण सकाळी नऊला पोहे, अकराच्या स्टँडअपमध्ये हात थरथरतोय, म्हणून बिस्किट. मग एक वाजता पुन्हा तेच. मी ह्याला 'क्रेव्हिंग' म्हणत होतो, स्वतःला जिभेचा गुलाम म्हणून शिव्या देत होतो. एका सकाळी ग्लुकोमीटर लावून बघितला, तर ५८. मनाची कमजोरी वगैरे नव्हती, तो लूप होता, आणि दर वेळी बिस्किट खाऊन मीच तो पुन्हा चालू करत होतो.

आकडे डाएटिशियन ताईंना दाखवले. त्यांनी ओरडण्याऐवजी विचारलं, "पोह्यांच्या आधी काय खाता?" काहीच नाही. मग क्रम बदलला. आधी अंडं किंवा पनीर किंवा मटकीची उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी अर्धी भाकरी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासानंतर. साखर खरंच खाली गेली तर ती वर आणण्यापुरतं गोड, पण त्यामागून लगेच प्रोटीन, म्हणजे पुन्हा आपटणार नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जन्मभर. ह्यात चुकवाचुकवी नाही, कारण थायमिन कमी पडून मेंदूला इजा झाल्याचीही उदाहरणं आहेत. हे माझं वेळापत्रक आहे. तुमचं ऑपरेशन झालं असेल तर तुमच्या टीमलाच विचारा, पॉडकास्टवाल्याला नको.

उपवासाचं मात्र अवघड आहे. साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्चचा शुद्ध डंपर! एकादशीला आजी विचारते, "अरे, मग तू खाणार काय?" मी दाणे आणि ताक म्हटलं की ती गप्प होते, पण तिला ते पटत नाही.

आणि ते पाच किलो? स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या २,०१० लोकांना वर्षानुवर्षं तपासत आलेत. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर होतं. थोडं परत येतं. जवळजवळ सगळ्यांचंच येतं. हे मला कुणी आधी आकड्यांत सांगितलं असतं, तर ८७ दिसल्यावर मी काटा पलंगाखाली ढकलला नसता. दोन महिने तो तिथेच होता, आणि बहुतेक वजन त्या दोन महिन्यांतच वाढलं.

गेल्या आठवड्यात आजीनं उकडीचे मोदक केले. मी आधी वाटीभर उसळ खाल्ली, दहा मिनिटं थांबलो आणि अर्धा मोदक खाल्ला. दोन तासांनी मीटर लावला, ९६. आजीनं उरलेला अर्धा झाकून ठेवला होता. रात्री बघतो तर तो बाबांनी खाल्ला होता.