महापद्म, मिरिअड आणि तीन बाण

२०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ४८ लाख कोटी रुपयांच्या वर खर्च दाखवला होता. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली (इ.स. ११५०) नावं वापरून हाच आकडा वाचायचा तर ४८ महापद्म! लीलावतीत एकपासून परार्धापर्यंत, म्हणजे एकावर १७ शून्यांपर्यंत, प्रत्येक घराला वेगळं नाव आहे. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व आणि मग महापद्म. एवढी श्रीमंती घरात असताना आपण 'लाख कोटी' असं जोडकाम का करतो?

मला विचाराल तर ते बरंच आहे. कारण नावं घसरतात. यजुर्वेदातल्या यादीत परार्ध म्हणजे एकावर १२ शून्यं, लीलावतीत १७. शब्द तोच, फरक एक लाख पटीचा! इंग्रजीतही तीच गंमत. ब्रिटनमध्ये बिलियन म्हणजे पूर्वी एकावर १२ शून्यं, अमेरिकेत ९. शेवटी १९७४ साली पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी जाहीर केलं की सरकारी आकड्यांत बिलियन ९ शून्यांचाच धरला जाईल. लाख आणि कोटी कळले की 'लाख कोटी'त असा घोळ होत नाही.

जोडकामाची ही युक्ती आर्किमिडीजने इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात पार टोकाला नेली होती. सिराक्यूजचा राजा गेलोन याला उद्देशून त्याने वाळूचे कण मोजण्यावर एक पुस्तिका लिहिली. ग्रीक लोक आकडे अक्षरांनी लिहीत, आणि त्यांचा सर्वात मोठा संख्याशब्द होता मिरिअड, म्हणजे दहा हजार. मग पठ्ठ्याने मिरिअड मिरिअड (आपले दहा कोटी) हाच नवा एकक धरला आणि तिथून 'दुसरी श्रेणी' सुरू केली. तिच्या शेवटी तिसरी, मग चौथी... आपल्या भाषेत सांगायचं तर दहा कोटींचा बेस! अख्खं विश्व वाळूने भरलं तरी कण किती? त्याचं उत्तर: आठव्या श्रेणीतल्या एक हजार मिरिअडपेक्षा कमी. म्हणजे १० चा ६३ वा घात. त्याची पद्धत तर एकावर आठ मध्य इतकी शून्यं असलेल्या संख्येपर्यंत जाते. (मध्य म्हणजे लीलावतीतलं परार्धाच्या आधीचं घर. बघा, जुने शब्द आले की नाही कामाला!)

पुढे मात्र लिहिणं आणि बोलणं यांची फारकत झाली. १९७६ साली डोनाल्ड कनुथ यांनी बाणांची खूण मांडली. ३↑३ म्हणजे २७. ३↑↑३ म्हणजे ३ चा २७ वा घात: ७ लाख ६२ हजार ५५९ कोटी ७४ लाख ८४ हजार ९८७. इथवर दम लागतो, पण वाचता येतं. ३↑↑↑३ म्हणजे तेवढ्या तिनांची घातावर घात अशी उतरंड. ही संपली, वाचून दाखवा! दोन बाणांच्या क्रियेला गुडस्टीन यांनी १९४७ मध्येच टेट्रेशन असं नाव दिलं होतं. पण मराठीत मोठ्याने 'तीन दोन बाण तीन' म्हटलं की ऐकणारा ३२३ लिहून मोकळा होतो.

मार्टिन गार्डनर यांनी १९७७ मध्ये लोकांपुढे आणलेली ग्रॅहम संख्या तर याच्याही पलीकडची. तिची पहिली पायरी ३↑↑↑↑३. पुढच्या पायरीत बाणच तेवढे, आणि अशा ६४ पायऱ्या. इथे संख्येचं नाव म्हणजे फक्त ती बनवायची कृती. अंक म्हणून वाचायची तर सुरुवात कुठल्या अंकाने करायची तेही सांगता येत नाही. शेवटचा अंक मात्र पक्का माहीत आहे: ७.